बत्तीस वेळा 'नाही'

"पंकज, जरा बाजूला येतोस का रे?"

मगदूम काकूंनी हाक मारली तेव्हा माझ्यापुढं बत्तीस पासपोर्टांची चळत होती आणि दातांत पेनाचं टोपण. सिंगापूरच्या हॉटेलच्या लॉबीत सकाळचे साडेआठ वाजले होते. अकराला बस, एकला बंदर, चारला जहाज सुटणार. त्याआधी बत्तीस जणांचे आरोग्याचे फॉर्म भरून व्हायला हवे होते, आणि ते मीच भरणार होतो, कारण आमच्या धंद्यात प्रवाशानं फॉर्म भरला की टूर मॅनेजरची इज्जत गेली असं मानतात.

"इथंच बोला की काकू. माझं लक्ष आहे."

"लक्ष कागदात आहे तुझं. ये म्हटलं."

बाजूला म्हणजे एका कुंडीमागं. मगदूम काकू, नाव रत्नप्रभा, एकाहत्तर वर्षांच्या, ठेंगण्या, अंगावर कायम इस्तरीची सुती साडी, डोक्यावरून पदर. त्यांचे यजमान जयसिंगपुरात डॉक्टर होते, आणि दवाखाना चालला तोवर तीस वर्षं काकू तिथं औषधांच्या खिडकीत बसत. आमच्या टूरवर अख्खा जयसिंगपूरचा ज्येष्ठ नागरिक संघच आला होता. सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे, एकमेकांच्या घरचे पापड मोजलेले.

"रात्री तीनदा उलटी झाली," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "पोटही बिघडलंय. तुला सांगून ठेवते."

"विमानातलं जेवण बाधलं असेल."

"विमानात मी माझा डबा खाल्ला. हे बाधलेलं नव्हे रे, लागलेलं आहे. शेजारच्या पोरीचं बाळ सारखं ओकत होतं, तिला एकटीला आवरेना, म्हणून मी पुसून घेत होते. आमचे डॉक्टर म्हणायचे, असं झालं की दोन दिवस कुणाच्या ताटाला हात लावायचा नाही." मग माझ्या टेबलाकडं बघून म्हणाल्या, "तसलं विचारलंय की त्या कागदात."

विचारलं होतं. तिसराच प्रश्न: गेल्या दोन दिवसांत उलटी किंवा जुलाब झाले का? 'हो' लिहिलं की बंदरावर जहाजाचा डॉक्टर तपासणार, आणि बहुतेक चढूच देणार नाही. मग एकाहत्तर वर्षांची बाई परक्या देशात एकटी ठेवायची? की तिच्याबरोबर मी राहायचं आणि एकतीस म्हाताऱ्यांना समुद्रात एकटं सोडायचं? माझी ती पहिली स्वतंत्र टूर होती. त्याआधी तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या हाताखाली पाण्याच्या बाटल्या वाटल्या होत्या. ही टूर सुरळीत पार पडली तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा बाटल्या, असं ऑफिसात स्पष्ट सांगितलं होतं.

"ते सगळ्यांनाच विचारतात काकू. कुणाला काही बोलू नका. मी बघतो."

'मी बघतो' हे टूर मॅनेजरचं सगळ्यात आवडतं वाक्य. त्याचा अर्थ काहीच नसतो, पण ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

"काय लिहिणार तू?"

"मी बघतो म्हटलं ना."

काकूंनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. "बघ बाबा," त्या म्हणाल्या. "तू मॅनेजर."

मी अडतीस मिनिटांत बत्तीस फॉर्म भरले. तिसऱ्या प्रश्नापुढं बत्तीस वेळा 'नाही'. विचारलं कुणालाच नाही. फॉर्म पुढं करायचा, सहीच्या जागी पेनानं टिचकी मारायची, समोरच्यानं सही ठोकायची आणि चहाला जायचं, अशी आमची पद्धत. काकूंच्या फॉर्मवरही टिचकी मारली. त्यांनी कागद जरा जास्त वेळ हातात धरला. मला वाटलं, चष्मा बदलायचा असेल. मग सही केली.

जहाजावर पहिली संध्याकाळ. ते जहाज म्हणजे अकरा मजली गावच होतं. जेवणाच्या दालनाच्या दारात एक हसरी मुलगी प्रत्येकाच्या तळहातावर जंतुनाशकाचे थेंब टाकायची, आणि आमचे लोक ते तीर्थासारखे घेऊन हात डोक्यावरून फिरवायचे. ते तीर्थ नाही, हे मी चार जणांना समजावलं आणि पाचव्यापासून नाद सोडला.

त्या दिवशी आम्हाला जेवायला उशीर झाला आणि शाकाहारी पदार्थ संपत आलेले. आमची मंडळी ताटात दोन उकडलेले बटाटे घेऊन बसलेली. वरच्या डेकवर आल्यावर कुरकुर सुरू झाली. साखर कारखान्यातून रिटायर झालेले हिंगमिरे तात्या, संघाचे अध्यक्ष, म्हणाले, "मॅनेजर, एवढी मोठी बोट, आन् पोटाला बटाटं? आमच्या कारखान्याच्या कँटीनला तरी भजी मिळायची."

कुरकुर वाढली की मॅनेजरनं काहीतरी करमणूक काढायची. मी हातातला छोटा माईक सुरू केला. "मंडळी, बटाट्यावर उतारा आहे. आता मगदूम काकूंचं भडंग निघणार."

टाळ्या पडल्या. जयसिंगपूरच्या माणसाला भडंगाची ओढ काय असते ते बाहेरच्याला कळायचं नाही. त्यातही काकूंचं भडंग संघात नावाजलेलं. त्या लसूण खात नसत, म्हणून त्यांच्या भडंगात लसणाऐवजी तळलेला कढीपत्ता आणि खोबऱ्याचे काप. विमानतळावरच त्यांनी सांगितलं होतं, की चुरमुरे एका डब्यात आहेत, मसाला आणि तेल वेगळं आहे, आयत्या वेळी कालवायचं म्हणजे मऊ पडत नाही.

काकूंनी मान हलवली. "आज नको. उद्या-परवा बघू."

"वहिनी, मान काय हलवताय," तात्या म्हणाले. "डबा काढा की."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला कळली. सकाळी कुंडीमागं जे सांगितलं होतं तेच त्या पुन्हा सांगत होत्या. आणि तीसेक भुकेली माणसं टाळ्या वाजवत होती.

"काढा ना काकू," मी माईकवरून म्हणालो. "सगळ्यांची इच्छा आहे."

त्या खोलीत गेल्या. डबे घेऊन आल्या तेव्हा चांगली दहा-बारा मिनिटं झाली होती आणि त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झालेले. किती वेळ साबणानं घासले असतील कुणास ठाऊक. डबे माझ्यापुढं ठेवून हळूच म्हणाल्या, "तू कालव. मी सांगते कसं ते."

मी कालवायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. पण माझ्या हातात माईक होता आणि अंगात आलेलं होतं. मी मोठ्यांदा म्हणालो, "छे, काकू, मी कालवून काय होणार? तुमच्या हाताची चव कुठून आणू?"

सगळे हसले. हाताची चव म्हटल्यावर बाईमाणसाला पुढं बोलायला जागा राहत नाही. काकूंनी पदर खोचला, चुरमुऱ्यांवर मसाला टाकला, तेल सोडलं आणि दोन्ही हातांनी भडंग कालवलं. तात्यांच्या बायकोनं, त्यांना सगळे मावशी म्हणत, कागदी वाट्या धरल्या आणि काकूंनी मुठीमुठीनं भरल्या. तात्यांनी दोनदा घेतलं. मीही घेतलं. स्वतः काकूंनी खाल्लं नाही. सूर्य बुडाला होता, आणि सूर्य बुडाल्यावर त्या खात नसत.

दुसरा दिवस मजेत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या खोलीतला फोन वाजला तो वाजतच राहिला. आमच्यातल्या अकरा जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले होते. पैकी तात्या सगळ्यात वाईट. त्यांच्या हृदयात झडप बसवलेली. त्यांना जहाजाच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. मावशी दाराबाहेर बसून होत्या, एकाच पायात चप्पल.

जहाजाचा चेहरा तासाभरात बदलला. जेवणाच्या दालनातले चिमटे आणि डाव उचलले गेले, सगळं कर्मचारी हातमोजे घालून वाढायला लागले. टेबलावरच्या मिठाच्या बाटल्या गायब. लिफ्टची बटणं दर पाच मिनिटांनी पुसली जात होती. पोहण्याचा तलाव बंद. सगळ्या मजल्यांवर ब्लीचिंगचा वास. आजाऱ्यांना खोलीबाहेर पडायची बंदी, दारात ट्रेमध्ये कोरडा पाव आणि मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं. मला काहीही झालं नव्हतं. तेव्हा त्याचं बरं वाटलं होतं.

नऊ वाजता जहाजाच्या ऑफिसात बोलावणं आलं. टेबलावर काकूंचा फॉर्म होता. हॉटेलात काकूंच्या शेजारची खोली मावशींची, त्यांनी रात्रीच्या उलट्यांचे आवाज ऐकले होते, आणि डॉक्टरनं खोदून विचारल्यावर ते सांगितलं होतं. मोडकंतोडकं इंग्रजी आणि हातवारे, पण डॉक्टरला कळायचं ते कळलं. ऑफिसातला माणूस सभ्यपणे म्हणाला, की बाईंनी खोटं लिहिलं असेल तर ती त्यांची जबाबदारी. पण ग्रुपच्या मॅनेजरला माहीत असून लिहिलं असेल, तर तुमच्या कंपनीचे ग्रुप आम्ही यापुढं घ्यायचे की नाही याचा विचार करावा लागेल.

मी मुंबईला फोन लावला. साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "तू प्रत्येकाला विचारून भरले होतेस ना फॉर्म?"

"हो," मी म्हणालो.

"मग घाबरतोस कशाला? जे आहे ते सांग."

डॉक्टर एक उंच, आखूड केसांची गोरी बाई होती. तोंडाला मास्क, हातात मोजे, काखेत फाइल. आम्ही दोघं काकूंच्या खोलीच्या दारात उभे राहिलो. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण केस नीट विंचरलेले, साडी चापूनचोपून.

"तात्या कसे आहेत?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"सलाईन चालू आहे."

"आणि मला कुणी बाहेर पडू देत नाही," त्या म्हणाल्या. "बरोबरच आहे म्हणा."

डॉक्टर इंग्रजीत विचारत होती, मी ते मराठीत काकूंना सांगत होतो, आणि काकूंचं उत्तर इंग्रजीत डॉक्टरला. मधे मी. दोन्ही बाजूंचा विश्वास माझ्यावर.

"त्रास कधी सुरू झाला, विचारतायत."

"सिंगापूरला. बोटीत चढायच्या आदल्या रात्री. तुला माहीत आहे की."

मी सांगितलं, आदल्या रात्री. 'तुला माहीत आहे' एवढं सोडून. डॉक्टरनं लिहून घेतलं. मग काकूंचा फॉर्म वर धरून तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"मग इथं 'नाही' का लिहिलं, विचारतायत."

काकूंनी आधी फॉर्मकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मी कुठं लिहिलंय? ह्याला मी सकाळीच सांगितलं होतं. हा म्हणाला, मी बघतो. फॉर्म ह्यानं भरला." मग डॉक्टरकडं बोट करून म्हणाल्या, "अस्सं सांग त्यांना."

मला आजही त्या दाराची मूठ आठवते. पितळेची होती आणि ब्लीचिंगनं तिच्यावर पांढरे डाग पडले होते. मी त्या डागांकडं बघत इंग्रजीत म्हणालो, की बाई म्हणतात, त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आपल्याला मागं ठेवून सगळे पुढं जातील अशी त्यांना भीती वाटली. त्यांना फार वाईट वाटतंय.

शेवटचं वाक्य मी मनाचंच जोडलं. ते जोडल्यावर बाकीचं खरं वाटेल, एवढी अक्कल त्या वेळी मला सुचली.

डॉक्टरचे डोळे मऊ झाले. ती काकूंकडं वळली आणि सावकाश, एकेक शब्द सोडवून, बराच वेळ बोलली. तुमची भीती मी समजू शकते. पण तुम्ही कुणाला तरी सांगायला हवं होतं. तुमच्या गप्प राहण्यामुळं एका माणसाचा जीव धोक्यात आला आहे. हे तुम्ही लक्षात ठेवावं.

"पाणी भरपूर प्या आणि विश्रांती घ्या, म्हणतायत," मी म्हणालो.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. "एवढं लांब बोलल्या त्या. मराठीत एवढंच झालं?"

"इंग्रजी लांबट भाषा आहे, काकू."

डॉक्टरनं एक पत्र पुढं केलं. मी खरी माहिती दिली नाही, मला पुन्हा या कंपनीच्या जहाजावर घेतलं जाणार नाही हे मला समजलं आहे, असा मजकूर. काकूंना मी सांगितलं, खोलीतच राहायचं मान्य आहे असं लिहिलंय. त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत धरला. मला वाटलं, सहीची जागा शोधतायत, म्हणून मी पेनानं टिचकी मारली. त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडं न देता थेट डॉक्टरच्या हातात दिला.

दुपारी मावशींनी मला गाठलं. "खरं सांगा मॅनेजर. रत्नप्रभाताई तुम्हाला काही बोलल्या नव्हत्या?"

"नाही हो मावशी," मी म्हणालो. "बोलल्या असत्या तर मी त्यांना चढू दिलं असतं का?"

म्हणजे सकाळी इंग्रजीत आणि दुपारी मराठीत, दोन्ही भाषांत तेच खोटं बोलून झालं. मावशींनी मान डोलवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस जहाजावर करायचा होता. मी केक सांगून ठेवला होता, मावशींनी त्यासाठी नवी इरकल आणली होती. ते सगळं रद्द झालं. तात्या सलाईनच्या नळीसकट झोपलेले आणि मावशी साध्या साडीत शेजारी स्टुलावर. संध्याकाळपर्यंत सगळ्या संघाला कळलं होतं, की मगदूम काकूंनी आजार लपवला आणि त्याच हातानं भडंग खायला घातलं.

मी काकूंच्या खोलीकडं परत गेलो नाही. रोज दोन वेळा फोन करून विचारायचो, "काकू, बऱ्या आहात ना?" आणि त्या म्हणायच्या, "आहे." त्यापुढं माझी बोलायची हिंमत नव्हती, आणि त्यांना बोलायची गरज वाटत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असंच होत असणार. चोर रोज संन्याशाच्या तब्येतीची चौकशी करतो.

पाचव्या दिवशी सकाळी सिंगापूरला उतरलो. तोपर्यंत तात्या बरे झाले होते, चाकाच्या खुर्चीतून का होईना, स्वतःची चेष्टा करत बसपर्यंत आले. बाकीचेही उभे राहिले होते. काकूंना सगळ्यात शेवटी सोडलं. त्या बसमध्ये चढल्या तेव्हा मावशींच्या मागची जागा मोकळी होती. मावशींनी हात मागं करून आपली पर्स तिथं ठेवली. दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. काकू पायरीवरच थांबल्या.

"रत्नप्रभाताई," मावशी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तीस वर्षं दवाखान्यात बसलात. तुम्हाला कळायला नको होतं?"

"कळत होतं," काकू म्हणाल्या.

"मग का नाही सांगितलं? माझा माणूस गेला असता म्हणजे?"

"अगं, मरू दे तो विषय," तात्या म्हणाले. "मी जिता हाय नव्हं?"

"तुम्ही गप बसा. मी त्यांना विचारतेय."

मी ड्रायव्हरच्या शेजारी उभा होतो. काकूंच्या आणि माझ्यात दोन हात अंतर. माईक माझ्या हातात होता आणि तो चालू होता, त्याचा बारीक आवाज येत होता. एक वाक्य बोलायचं होतं. 'त्यांनी मला सांगितलं होतं.' चार शब्द. माझी नोकरी गेली असती, दुसरी मिळाली असती. मी सत्तावीस वर्षांचा होतो. मला लाज वाटत होती, आणि तरीही मी मूग गिळून उभा होतो. काकूंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, एखाद्यानं घड्याळ बघावं तेवढंच.

"चुकलं माझं," त्या मावशींना म्हणाल्या, आणि सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन एकट्या बसल्या.

मी माईक तोंडाशी नेला. "मंडळी," मी म्हणालो, "पासपोर्ट हाताशी ठेवा."

याला आता चौदा वर्षं झाली. मधल्या काळात एक गोष्ट समजली ती सांगायला हवी. मी काकूंचं नाव पुढं केलं त्याच सकाळी जहाजाच्या दुसऱ्या टोकाच्या चार खोल्यांतही लोक आजारी पडले होते, ज्यांनी आमचं भडंग पाहिलंसुद्धा नव्हतं. हे तिथल्या एका वेटरनंच मला पुढच्या फेरीत सांगितलं. रोग काकूंनी आणला, की आधीच जहाजावर होता, की दोन्ही, हे कधीच ठरलं नाही. मी ते जयसिंगपूरला कळवलं का? नाही कळवलं. कळवायचं तर बाकीचंही कळवावं लागलं असतं.

पुढच्या वर्षी तात्यांचा फोन आला, संघाला हंपीला जायचं होतं. नावं लिहून घेताना मी विचारलं, "मगदूम काकू?"

"वहिनी न्हाई येत आता," तात्या म्हणाले. "संघातबी येत न्हाईत. एकदा संक्रांतीला लाडू घिऊन आल्या हुत्या. कुणी हात लावला न्हाई. डबा तसाच परत नेला बघा त्यांनी."

आज माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे. आमच्याकडं फॉर्म ज्याचा त्यानं भरायचा असा नियम आहे. म्हातारी माणसं वैतागतात, म्हणतात, दुसऱ्या कंपनीत मॅनेजर सगळं करून देतात. मी हसतो.

पण विमानतळावरचं सांगायचं राहिलं. इतका वेळ तेच टाळत होतो.

टूर संपताना कंपनीचा एक फॉर्म असायचा, प्रवाशांनी अभिप्राय द्यायचा. हेड ऑफिस मुंबईला, म्हणून फॉर्म इंग्रजीत. सहा प्रश्न, प्रत्येकापुढं उत्तम, बरं, वाईट असे चौकोन. विमानाला दीड तास होता. एकतीस फॉर्म झाले होते, सगळीकडं 'उत्तम'. आजारपणाचा राग माझ्यावर नव्हताच कुणाचा, उलट मी किती धावपळ केली याचं कौतुक होतं. तात्यांनी तर 'मॅनेजर लय गुणी पोरगा' असं मराठीत खाली लिहिलं होतं.

काकू लांबच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी फॉर्म घेऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसलो.

"काकू, हा एक कागद आहे. यात असं विचारलंय की—"

"दे इकडं."

त्यांनी चष्मा लावला आणि पाचवा प्रश्न वाचला. मोठ्यांदा, इंग्रजीत, स्वच्छ उच्चारात, कुठंही न अडखळता. तुमच्या मॅनेजरनं तुमच्या अडचणी ऐकून घेतल्या का?



"शेवटची सहा वर्षं आमच्या डॉक्टरांना दिसत नव्हतं," काकू कागदाकडंच बघत म्हणाल्या. "त्यांची औषधांची पुस्तकं, मासिकं, सगळी मीच वाचून दाखवायची. बोलायला जमत नाही मला. समजतं सगळं."

"काकू, मी—"

"ऐकून घेतलंस की तू. कुंडीमागं सगळं ऐकलंस. त्या डॉक्टरबाईपुढंही ऐकलंस. सांगताना तेवढं बदललं."

"मी सांगतो सगळ्यांना. आत्ता सांगतो. तात्यांना बोलावतो."

"बोलाव," त्या म्हणाल्या.

मी उठलो नाही. तात्या वीस पावलांवर बसले होते, मावशी त्यांना फुलपात्रातून पाणी पाजत होत्या. काकूंनी बरीच वाट पाहिली. त्या वेळात माझ्याच्यानं काही होणार नाही हे आम्हा दोघांनाही कळलं.

"मीही नाही सांगणार," काकू म्हणाल्या. "तुझ्यासाठी नव्हे. मी सांगितलं तर म्हणतील, बाई स्वतःचं झाकायला पोरावर ढकलतेय." फॉर्म त्यांनी माझ्या हातात परत दिला. "भर तूच. माझं उत्तर तूच देतोस."

मी भरला. पाचव्या प्रश्नापुढं माझं पेन थोडं थांबलं असेल. मग मी 'उत्तम'वर खूण केली, कारण बत्तिसावा फॉर्म वेगळा निघाला असता तर ऑफिसात विचारणा झाली असती.

"सही कुठं करू?"

मी टिचकी मारली. काकूंनी माझं पेन घेतलं आणि सही केली. मग पिशवीतून जंतुनाशकाची छोटी बाटली काढली, रुमालावर दोन थेंब घेतले, आणि ते पेन टोकापासून टोपणापर्यंत नीट पुसून माझ्यापुढं धरलं.

"घे," त्या म्हणाल्या. "माझा हात लागला होता."